चरा जातो कुठे?

पहिला चरा पडेपर्यंत माणूस मोटारीचा मालक नसतो, पुजारी असतो. तो तिला रोज सकाळी स्नान घालतो, दसऱ्याला झेंडूची माळ घालतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि ते कुंकू रंगावर डाग तर पाडणार नाही ना, या काळजीने रात्रभर तळमळतो. बंपरला लिंबू-मिरची बांधतो. मागच्या काचेवर गाडी कोणाच्या कृपेने आली ते लिहितो. त्यात बँकेचे नाव नसते, ही गोष्ट वेगळी. सीटवरचे प्लॅस्टिक काढायचे नाही, हा तर सोवळ्याचाच भाग. मग एके दिवशी कुठेतरी, कोणीतरी, कशाने तरी पहिला चरा ओढून जातो. देव बाटतो. आणि त्या दिवसापासून माणूस गाडीत मोकळेपणाने शेंगदाणे खाऊ लागतो.

आता शांतपणे विचार केला तर चऱ्याने बिघडते काय? गाडी पेट्रोल तेवढेच पिते. ब्रेक तेवढाच लागतो, हॉर्न तेवढाच वाजतो आणि कर्जाचा हप्ता तर पाच पैशांनीही कमी होत नाही. इंजिनाला चऱ्याची वार्तासुद्धा नसते. तरीही मालक मात्र घरात कोणी आजारी असल्यासारखा चेहरा करून फिरत असतो. म्हणजे चरा पडतो पत्र्यावर आणि उमटतो भलतीकडेच. म्हणून चरा घालवण्याचा खर्च मी गॅरेजच्या खात्यावर टाकत नाही, नीतिशास्त्राच्या खात्यावर टाकतो. नीतिशास्त्राचा मी काही अभ्यास केलेला नाही. मी कॉमर्सचा. पण आमच्याकडे जमा आणि नावे अशा दोन बाजू शिकवतात, आणि नीतीचा बराचसा कारभार तेवढ्यावर भागतो असा माझा अनुभव आहे.

चरा पडल्याची बातमी सोसायटीत कशी पसरते हे एक कोडेच आहे. पाण्याची टाकी भरून वाहते तेव्हा तीन तास कोणाला पत्ता नसतो. पण दारावरचा वीतभर ओरखडा सकाळच्या दुधाच्या आधी चारही मजल्यांवर पोचतो. मग समाचाराला माणसे येतात. प्रत्येकजण वाकून बघतो, "च्च" करतो, बोट फिरवतो (हे बोट फिरवण्याला माझा सक्त विरोध आहे) आणि औषध सांगतो. तळमजल्यावरचे अण्णा निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "टूथपेस्ट लावा. पांढरी. जेलवाली नको." समोरच्या काकूंनी खोबरेल तेल सांगितले, तसे त्या मूळव्याधीपासून मुंजीपर्यंत सगळ्यावर खोबरेल तेलच सांगतात. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पितांबरी घ्या आणि काथ्याने खसाखसा घासा." त्यांच्या घरची पितळेची भांडी लखलखीत असतात हे मला मान्य आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

गंमत अशी की यातली पहिली दोन औषधे अगदीच खुळचट नाहीत. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खर असते. ती रंगाचा वरचा थर किंचित घासते आणि बारीक चरा फिकट होतो. खोबरेल तेल चऱ्यात जाऊन बसते, आणि गाडी धुवेपर्यंत चरा दिसत नाही. एक उपाय घासण्याचा, दुसरा भरण्याचा. पुढे दुकानात गेल्यावर कळले, की जगातली सगळी चराविद्या या दोन पंथांतच विभागलेली आहे. बाकी फरक आहे तो डब्यांवरच्या चित्रांचा.

हे दुकान पुण्याच्या नाना पेठेत. या भागात गाडीचा असा एकही अवयव नाही, जो सुटा मिळत नाही. मी काउंटरवर गेलो आणि सांगितले, "चऱ्यावर लावायला काहीतरी द्या."

दुकानदाराने वर न बघता विचारले, "नख फिरवून बघितलं का?"

"नख?"

"चऱ्यावर आडवं नख फिरवायचं. अडकतं की सरकतं?"

"सरकतं."

"मग औषध आहे. नख अडकलं तर आमच्याकडे येऊ नका, पेंटरकडे जा." एवढे बोलून त्याने मान वर केली आणि मला विचारले, "चरा घालवायचाय, की दिसेनासा करायचाय?"

मी बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. लोकांना अवघड प्रश्न विचारणे हे माझे काम. काउंटरच्या बाहेर उभे राहून असा प्रश्न अंगावर घेण्याची मला सवय नाही. मी म्हणालो, "दोन्हींत फरक काय?"

तो म्हणाला, "पहिल्या पावसात कळतो."

त्याने माझ्यापुढे जो संसार मांडला तो असा. पहिला डबा जाड कंपाउंडचा. आपल्याकडे गॅरेजात ज्याला "रबिंग" म्हणतात ते याचेच काम. हे कापते. दुसरा त्याहून बारीक कंपाउंडचा. हा पहिल्याने केलेली खरखर काढतो. तिसरी बाटली पॉलिशची. ही दुसऱ्याने मागे ठेवलेले धुके काढते. म्हणजे आधीच्याने केलेले निस्तरायला पुढचा, सरकारी खात्यांसारखी रचना. यानंतर पंथ बदलतो. चौथी बाटली ग्लेझची. ही काही कापत नाही, भरते. पाचवा डबा वॅक्सचा. हाही थोडे भरतो, पण मुख्य काम चकाकी आणि पाण्यापासून रक्षण. चांगले वॅक्स म्हणजे कारनोबा. ब्राझीलमध्ये एका जातीचे ताड आहेत, त्यांच्या पानांवर हे मेण धरते. कुठे ब्राझीलचा ताड आणि कुठे नाना पेठ! पण चकाकीची भूक माणसाला लांबवर नेते.

मग पॅड. लोकरीचा पॅड सर्वांत कापरा. मायक्रोफायबरचा त्याखालोखाल. मग फोमचे, म्हणजे स्पंजाचे: कडक, मध्यम आणि मऊ. हे ओळखू यावेत म्हणून निरनिराळ्या रंगांचे केलेले असतात. पण एका कंपनीचा जो कडक रंग तोच दुसऱ्या कंपनीचा मऊ असू शकतो. रंगावरून स्वभाव ठरवू नये, हे तत्त्व पॅडांनाही लागू आहे. यंत्रेही दोन जातींची. एक नुसते गरागरा फिरते. ते झटपट कापते, तापते आणि नवख्याच्या हातात असले तर रंग जाळून पत्रा दाखवते. दुसरे फिरता फिरता डुलते. ते सावकाश काम करते पण सहसा नुकसान करीत नाही. बदलून येणाऱ्या मॅनेजरांतही मी या दोन्ही जाती पाहिल्या आहेत.

आता मूळ प्रश्न. चरा जातो म्हणजे नेमका जातो कुठे?

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. आधी गंज धरू नये म्हणून एक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर आपण ज्याचे पैसे मोजतो तो रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे ज्या वैभवासाठी आपण दसऱ्याला झेंडू आणतो, त्याची एकूण जाडी पासबुकाच्या एखाद्या पानाइतकी. आणि वरचा तो पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. बहुतेक चरे या थरातच असतात. चऱ्यावर पाणी सोडावे. ओला असताना तो दिसेनासा झाला तर तो वरवरचा समजावा. पाण्याने खाच भरते, प्रकाश तिच्या कडांवर विखुरत नाही आणि डोळा फसतो.

इथेच सगळी भानगड आहे. चरा ही वस्तू नव्हे. डाग असता तर पुसता आला असता, माती असती तर धुता आली असती. चरा म्हणजे खाच, काहीतरी नसणे. आणि जे मुळातच नाही ते काढणार कसे? तर कंपाउंड चऱ्याला हातही लावत नाही. कंपाउंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात. ते चऱ्याच्या आजूबाजूचा, ज्याने कोणाचे काही वाकडे केलेले नाही असा, चांगला रंग घासत घासत चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात. सगळेच खाली आले की खाच खाच राहत नाही. चरा गेला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात चरा जागच्या जागी असतो, बाकीचे त्याच्या पातळीला आलेले असतात.

हे कळल्यावर मी डबा हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो. दुकानदाराला वाटले, मी किंमत वाचतो आहे.

कारण ही युक्ती मी आयुष्यभर बघत आलो आहे. फक्त तिला रबिंग म्हणतात हे ठाऊक नव्हते. वर्गात एक पोरगा कॉपी करतो आणि मास्तर साऱ्या वर्गाला खिशातले कागद बाहेर काढायला लावतात. सोसायटीत एकाच्या घरचे जागरण होते आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागते, की रात्री दहानंतर कोणीही टाळसुद्धा वाजवू नये. ऑफिसात एकजण उशिरा येतो, म्हणून वेळेवर येणाऱ्या वीसजणांनाही अंगठा उमटवावा लागतो. एक चरा घालवायचा म्हणून अख्खे दार घासायचे. दार एकसारखे दिसते, यात शंकाच नाही. पण ते आता सगळीकडून थोडे थोडे पातळ झालेले असते.

घासण्याच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. घासणे प्रामाणिक असते. ते जे करते ते पावसाने धुऊन जात नाही. आणि त्यात एक मोठे तत्त्वज्ञान दडलेले आहे. जाड कण बारीक चरे पाडतात, बारीक कण त्याहून बारीक, पॉलिश त्याहूनही बारीक. शेवटी चरे इतके सूक्ष्म होतात की डोळ्याला दिसत नाहीत. म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे चरे नसलेला पृष्ठभाग नव्हे. एका मोठ्या चऱ्याची मोड घेऊन लाखो सुटे चरे केलेले असतात, एवढेच. ज्यांना आपण "अगदी गुळगुळीत माणूस" म्हणतो, त्यांच्याकडे मी तेव्हापासून आदराने पाहतो. कोणकोणत्या नंबरचे कंपाउंड त्यांच्यावरून फिरले असेल, कोणास ठाऊक.

पूर्वी निदान घासल्याचा हिशेब तरी कळत असे. जुन्या फियाट आणि अँबॅसिडर गाड्यांवर हा पारदर्शक थर नव्हता, वरपर्यंत रंगच. रबिंग करताना फडके गाडीच्या रंगाचे व्हायचे. निळी गाडी घासली की फडके निळे. किती गेले ते फडक्यावर दिसायचे आणि हात आपोआप आखडायचा. आता त्या अँबॅसिडरचा कारखाना २०१४ साली थांबला आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निघून गेली. आताच्या गाडीवर कितीही घासा, फडक्याला रंग लागत नाही. जाते ते पारदर्शक असते. आणि नेमका तोच थर खालच्या रंगाला उन्हापासून सांभाळत असतो. तो फार पातळ झाला तर काही वर्षांनी रंग फिका पडतो, पापुद्रे निघतात. तोपर्यंत घासणाऱ्याची बदली झालेली असते. माणसा-माणसांतही जे झिजते ते बहुधा असेच, रंग नसलेले असते. भांडण मिटले, हिशेब चुकता झाला, सगळे स्वच्छ चकचकीत दिसते आहे; आणि तरी काहीतरी कमी झालेले असते, ते फडक्यावर दाखवता येत नाही.

मग भरण्याचा पंथ बरा का? काही कापायचे नाही, कोणाला दुखवायचे नाही, खाचेत मऊसे काहीतरी बसवून द्यायचे. या पंथाला उगाच नावे ठेवतात. आपण दारात आलेल्या नको त्या पाहुण्याला "या या, बरं झालं आलात" म्हणतो ते ग्लेझच. लग्नात रुसलेल्या आत्याबाईंना मानाची साडी देतात तेही तेच. साडीने १९९८ सालचा अपमान निघत नाही. पण आत्याबाई फोटोत हसतात. समाज नावाची मोटार बरीचशी वॅक्सवरच चकाकते. सगळेच लोक सगळ्याच चऱ्यांवर कंपाउंड मारू लागले तर चार दिवसांत सर्वांचा पत्रा दिसेल.

माझे असे मत अगदी पक्के होत आले होते, एवढ्यात माझ्या मेहुण्याने गाडी विकायला काढली.

मेहुण्याची गाडी काळी. काळ्या रंगावर चरा जितका दिसतो तितका दुसऱ्या कशावर दिसत नाही. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर दोन चांगले लांब चरे होते. नख अडकेल असे. गिऱ्हाईकही ठरले होते. त्याच्याच ऑफिसातला एक तरुण शिपाई. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी भाड्याने गाड्या चालवायचा; आता स्वतःची घ्यायची म्हणून त्याने बायकोचे दागिने मोडले होते आणि उरलेल्या रकमेसाठी पतपेढीत जामीनदार शोधत होता. मेहुणा मला म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला आता यातलं कळतं. कंपाउंडच्या भानगडीत न पडता नुसतं ग्लेझ आणि वर वॅक्स मारलं तर महिनाभर निघेल ना? आपल्याला तरी कुठे ठेवायचीय?"

मी म्हणालो, "त्याला सांगणार आहेस?"

"विचारलं तर सांगीन की!"

आता "विचारलं तर सांगीन" ही मोठी आदरणीय संस्था आहे. तिच्यावर बाजारपेठा चालतात, लग्ने जमतात. आमच्या धंद्यातही ३१ मार्चला ताळेबंद चांगला दिसावा म्हणून जे चालते त्याला विंडो ड्रेसिंग असे शब्दकोशातले नाव आहे. तेव्हा मी मेहुण्याला उपदेश करणे अवघड होते. शिवाय तो बायकोचा भाऊ. पण मला एकदम दुकानदाराचा प्रश्न आठवला. पाहुण्याला "या या" म्हणताना आपण खाच भरतो हे त्यालाही ठाऊक असते. तोही चहाला "छान" म्हणून आपली खाच भरत असतो. दोघांच्या संमतीने भरलेली खाच म्हणजे सभ्यता. एकालाच ठाऊक असलेली खाच म्हणजे काय, हे मी मेहुण्याला स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. त्याच्या बहिणीने सांगितले. आमच्या घरी कठीण कामे तीच करते.

तरी मेहुण्याने ग्लेझ मारलेच. शनिवारी संध्याकाळी गाडी बघायला मीही गेलो. तो मुलगा गाडीभोवती दोनदा फिरला. टायर बघितले, बॉनेट उघडले, इंजिन चालू करून कान देऊन ऐकले. मग डाव्या बाजूला थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे एकच दार एवढं का चमकतंय?"

मेहुणा गप्प. दोष लपवायला गेलेली चकाकी स्वतःच दोष होऊन बसली होती. मेहुण्याची बहीण तिथेच होती. तिने भावाकडे नुसते पाहिले. या पाहण्याला कुठल्याही कंपनीच्या जाड कंपाउंडची सर नाही; मी बावीस वर्षे त्याखाली आहे. मेहुण्याने आत जाऊन कापूस आणि स्पिरिट आणले, दार पुसले आणि दोन्ही चरे उघडे करून दाखवले. किंमत आठ हजारांनी उतरवली.

तो मुलगा म्हणाला, "चऱ्याचं काही नाही हो साहेब. भाड्याला लावल्यावर असे दहा पडतील. पण एक लपवलेला सापडला, की न सापडलेले किती असतील ते मोजता येत नाही."

एवढे वाक्य कॉमर्सच्या चार वर्षांत मला कोणी शिकवले नाही. पतपेढीच्या जामिनाच्या कागदावर शेवटी मेहुण्यानेच सही केली.

या सगळ्यात मला खरा गुरू भेटला तो आमच्या गल्लीतला डेंटिंग-पेंटिंगवाला मिस्त्री. तो नीतिशास्त्राचे नियम सांगत असतो आणि त्याला वाटते आपण रबिंगचे सांगतो. त्याचा पहिला नियम: आधी गाडी स्वच्छ धुवायची. अंगावर धूळ असताना घासले तर कंपाउंडआधी धूळच चरे पाडते. दुसरा: काम सावलीत करायचे, गरम पत्र्यावर पॅड लावायचा नाही, पत्रा निवला की मग. तिसरा: आधी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश, तेही हातभर जागेत करून बघायचे. तेवढ्याने भागले तर कडक काही हातात घ्यायचे नाही. चौथा: कडांना चिकटपट्टी लावून घ्यायची, कारण कडेला रंग पातळ असतो आणि पॅड तिथेच जास्त चावतो.

आता परीक्षेत कमी मार्क मिळवून आलेल्या मुलासमोर आपण काय करतो ते आठवा. दमून, घामाघूम, उन्हातून आलेला मुलगा, पत्रा तापलेला. आपण स्वतः ऑफिसातली धूळ घेऊन आलेलो. आणि आपण सुरुवात करतो ती लोकरीच्या पॅडने आणि जाड कंपाउंडने, तीही बरोबर कडेवर: "शेजारच्याला बघ!" मऊ स्पंज आपल्या घरात असतो, हे आपल्याला आठवते ते दुसऱ्या दिवशी, रंग उडाल्यावर. मिस्त्री शाळा फक्त सातवीपर्यंत शिकला. त्याच्या हाताखालची पोरे मात्र त्याला सोडून जात नाहीत.

त्याच मिस्त्रीने मला एकदा रात्री दिव्याखाली नेले. म्हणाला, "बघा, कोळ्याचं जाळं." काळ्या बॉनेटवर दिव्याचे प्रतिबिंब होते आणि त्याच्याभोवती बारीक चऱ्यांची गोल गोल वलये. मी म्हणालो, "गोल फडकं फिरवल्यामुळे असेल." तो हसला. "जरा बाजूला व्हा." मी दोन पावले सरकलो. दिव्याचे प्रतिबिंब सरकले आणि वलयेही त्याच्याबरोबर सरकली! चरे गोल नसतातच. ते वेडेवाकडे, सगळ्या दिशांनी असतात. त्यांतले जे प्रकाशाला बरोबर आडवे येतात तेवढेच चकाकतात, म्हणून वाटते की सगळे या दिव्याभोवतीच फेर धरून आहेत. जिथे उभे राहाल तिथे तेच.

मला आमच्या भावकीतल्या एका काकांची आठवण झाली. सगळे जग आपल्याविरुद्ध कट करते आहे असे त्यांना वाटे, आणि पुरावाही असे. कारण ते जिथे जातील तिथे कट त्यांच्याभोवतीच फिरताना दिसे. लोकांचे दोष असतात, नाही कोण म्हणतो? पण ते आपल्याभोवती गोल करून उभे आहेत, हे आपल्या दिव्याचे काम. एक पाऊल बाजूला सरकणे हा चऱ्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो नाना पेठेत मिळत नाही.

तेव्हा चरा जातो कुठे, या प्रश्नाचे उत्तर असे, की तो कुठेच जात नाही. एकतर त्याच्यासाठी बाकीचे सगळे थोडे झिजते, नाहीतर त्याच्यात काहीतरी मऊ भरले जाते, नाहीतर तो आपला तसाच राहतो आणि आपल्याला त्याची सवय होते. रंगाचा थर मोजका आहे. जन्मभर घासत बसण्याइतका तो कोणाच्याच गाडीवर नसतो. म्हणून ज्यात नख अडकते तो चरा घासू नये, घासून जाणार नाही. जो फक्त दिव्याखाली वाकून दिसतो तोही घासू नये, वाकणे सोडावे. राहता राहिले मधले. त्यांच्यासाठी मी माझ्यापुरते एक सूत्र केले आहे: स्वतःला घासावे, आपल्या माणसांना भरावे आणि गिऱ्हाइकाला सांगावे. स्वतःला घासायचे कारण, किती गेले याचा अंदाज निदान आपल्याला असतो. आपल्या माणसांना भरायचे कारण, त्यांचा थर आपण पातळ करायचा नसतो. आणि वॅक्स दोन-तीन महिन्यांत उडून जाते, पुन्हा लावावे लागते, हा वॅक्सचा दोष नसून तीच त्याची खरी थोरवी आहे. मायेचे मेण एकदाच लावून भागत नाही. आणि गिऱ्हाइकाला सांगायचे कारण तो शिपाई सांगून गेला आहे.

हे सूत्र मी मोठ्या उत्साहाने घरी ऐकवले. ही भाजी निवडत होती. मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, आपल्या माणसांना भरायचं ना? जपानात म्हणे फुटलेली भांडी सांधतात तेव्हा भेगेवर सोन्याची पूड लावतात. ते जास्त टिकतं. पाडव्याच्या आधी बघा काही जमतं का."